कॅशिंग प्रॉक्सीमार्फत लिनक्स अद्ययावत करताना येणाऱ्या स्वाक्षरीच्या त्रुटी : कारण शोधण्याचा क्रम आणि उपाय

तालुक्याच्या ठिकाणच्या ज्युनिअर कॉलेजची प्रयोगशाळा असो, जिल्हा परिषद शाळेतला संगणक कक्ष असो की गावातल्या वाचनालयाची अभ्यासिका असो, वीस-पंचवीस यंत्रे आणि इंटरनेट म्हणून एकच सिमकार्डाचा राउटर अशी स्थिती असली की प्रत्येक यंत्राने तीच पॅकेजेस वेगवेगळी उतरवून घेणे परवडत नाही. म्हणून एका यंत्रावर ॲप्ट-कॅशर-एनजी किंवा स्क्विड हा कॅशिंग प्रॉक्सी, म्हणजे उतरलेल्या फाइलींच्या प्रती (कॅश) जपून त्या इतरांना देणारा मध्यस्थ, बसवतात आणि बाकीची यंत्रे त्याच्याकडून पॅकेजेस घेतात. ही व्यवस्था योग्यच आहे. मात्र एके दिवशी ‘ॲप्ट अपडेट’ ही पॅकेजांच्या सूची ताज्या करणारी आज्ञा चालवल्यावर स्वाक्षरी अवैध असल्याचा संदेश येतो, आणि मग उपायांचा क्रम जवळपास सगळीकडे उलटा लावला जातो. आधी कुठून तरी नवी किल्ली, म्हणजे स्वाक्षरी पडताळण्याची फाइल, आणून बसवतात, ती लागू पडली नाही की अख्खा कॅश पुसतात, आणि तेवढ्यानेही भागले नाही की स्वाक्षरीची तपासणीच बंद करून टाकतात. घड्याळ मात्र कोणी पाहत नाही. प्रत्यक्षात ग्रामीण भागातल्या प्रयोगशाळांत किल्ली हे सर्वांत कमी वेळा आढळणारे कारण आहे, म्हणून या लेखात ते सर्वांत शेवटी घेतले आहे.

येथील विवेचन डेबियन, उबंटू, लिनक्स मिंट आणि सी-डॅकची बॉस लिनक्स अशा ॲप्ट वापरणाऱ्या प्रणालींसाठी आहे. आज्ञा, फाइलींची नावे आणि त्रुटीसंदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीच्या रोमन अक्षरांतच टंकावेत.

आधी एवढे समजून घ्या

पॅकेज भांडाराच्या प्रत्येक शाखेत ‘इनरिलीज’ नावाची एक फाइल असते आणि डिजिटल स्वाक्षरी केवळ तिच्यावर असते. या फाइलीत ‘पॅकेजेस’ नावाच्या सूचींचे आकार व हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेली खूण) दिलेले असतात, आणि त्या सूचींत प्रत्येक डेब फाइलीचा, म्हणजे प्रत्यक्ष पॅकेजच्या फाइलीचा, हॅश दिलेला असतो. यांपैकी कोणत्याही फाइलीतला एक बाइट जरी बदलला तरी पुढची साखळी तुटते. डेब फाइलीच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो, त्यामुळे ती कॅशमध्ये वर्षभर पडून राहिली तरी बिघडत नाही. इनरिलीजचे तसे नाही. नाव तेच राहते आणि आतला मजकूर मात्र रोज बदलू शकतो. प्रॉक्सीने जुनी, अर्धवट किंवा भलतीच फाइल त्या नावाखाली जपून ठेवली, की स्वाक्षरीची त्रुटी आलीच.

तयारी

हाताशी प्रॉक्सी यंत्राचा प्रशासकीय पासवर्ड, त्याचा स्थानिक पत्ता, दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड असलेला एक मोबाइल आणि एक वही असू द्यावी. या लेखात प्रॉक्सीचा पत्ता १९२.१६८.१.१० असा धरला आहे. ॲप्ट-कॅशर-एनजी पोर्ट ३१४२ वर आणि स्क्विड पोर्ट ३१२८ वर ऐकतो. त्या दिवसाचा डेटा किती शिल्लक आहे हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहून घ्यावे. डेटा संपल्यावर येणारे रिचार्जचे पान हे स्वतःच या त्रुटीचे एक मोठे कारण आहे, आणि मध्येच डेटा संपला तर तुम्ही शोधत असलेल्या बिघाडात दुसऱ्या बिघाडाची भर पडेल.

दुरुस्ती चालू असताना विद्यार्थ्यांनी यंत्रे वापरायला हरकत नाही, परंतु दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर अपडेट चालू नसावे. आपोआप अद्ययावत होण्याची सोय चालू असेल तर ती तेवढ्या वेळापुरती थांबवावी.

टप्पा १ : संदेश पूर्ण वाचा आणि उतरवून घ्या

यंत्राची भाषा मराठी किंवा हिंदी ठेवली असेल तर काही संदेश भाषांतरित दिसतात आणि ते शोधणे कठीण जाते. म्हणून आज्ञेच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ जोडून अपडेट चालवावे, म्हणजे मूळ इंग्रजी संदेश मिळतो. कोणत्या भांडाराच्या पत्त्यापुढे संदेश आला आहे, तेही लिहून घ्यावे, कारण एकाच भांडाराची त्रुटी आणि सर्व भांडारांची त्रुटी यांची कारणे सहसा वेगळी असतात.

संदेशाचा रोख पुढीलप्रमाणे ओळखावा.

- ‘नॉट व्हॅलिड यट’ किंवा ‘एक्सपायर्ड’ असा उल्लेख रिलीज फाइलीबद्दल असेल, तर संशय प्रथम घड्याळावर, मग जुन्या कॅशवर घ्यावा.
- ‘नोस्प्लिट’ असा शब्द आणि पुढे नेटवर्कला लॉगिन हवे आहे का असा प्रश्न दिसला, तर इनरिलीजच्या जागी एखादे वेबपान आले आहे असे समजावे.
- ‘बॅडसिग’ म्हणजे किल्ली आहे, परंतु मजकूर आणि स्वाक्षरी जुळत नाहीत. फाइल वाटेत बिघडली आहे किंवा दोन वेगळ्या वेळच्या फाइली एकत्र आल्या आहेत.
- ‘हॅश सम मिसमॅच’ किंवा ‘अनएक्स्पेक्टेड साइझ’ म्हणजे इनरिलीज ठीक आहे, पण तिच्याशी सूची किंवा डेब फाइल जुळत नाही.
- ‘नो पबकी’ आणि ‘एक्सपीकीसिग’ एवढ्या दोनच संदेशांत विषय खरोखर किल्लीचा असू शकतो.

इशारा. स्वाक्षरी पटली नाही आणि यंत्रावर जुनी सूची उपलब्ध असेल, तर ॲप्ट अनेकदा फक्त सूचना देऊन जुन्या सूचीवरच काम चालू ठेवते. अशा ओळीच्या सुरुवातीला ‘ई’ ऐवजी ‘डब्ल्यू’ हे अक्षर असते. अपडेट पार पडले असे समजून माणूस पुढे जातो आणि महिनोन्महिने सुरक्षेच्या दुरुस्त्या येतच नाहीत. स्क्रिप्ट लावून अपडेट करणाऱ्यांनी केवळ आज्ञा संपली यावर समाधान न मानता तिने छापलेल्या ओळीही नोंदवून ठेवाव्यात.

तपासा. हाच संदेश दुसऱ्या यंत्रावर येतो का? एकाच यंत्रावर येत असेल तर घड्याळ पाहून थेट सहाव्या टप्प्याकडे जावे. सर्वच यंत्रांवर येत असेल तर पुढील क्रम सोडू नये.

टप्पा २ : घड्याळ

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर यंत्रांचे प्लग काढून ठेवलेले असतात, आणि मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी जुनी असेल तर ती या काळात हमखास उतरते. घड्याळ मागे पडले की आजची इनरिलीज त्या यंत्राला भविष्यातली वाटते आणि ते ती नाकारते. घड्याळ फार पुढे गेले तर चालू किल्लीही मुदत संपलेली दिसते.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. बॅटरी उतरलेल्या यंत्राची तारीख नेहमी कित्येक वर्षे मागे गेलेली दिसेलच असे नाही. सिस्टमडीचा टाइमसिंकडी हा घटक शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर जपतो आणि पुढच्या वेळी घड्याळ त्याहून मागे जाऊ देत नाही. त्यामुळे जूनच्या अखेरीस यंत्र चालू केल्यावर एप्रिलमधली तारीख दिसते, साल बरोबर असते, आणि कोपऱ्यातल्या घड्याळाकडे ओझरते पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. बॅटरीवरचे घड्याळ नसलेल्या रास्पबेरी पायवरही असेच घडते, आणि स्वस्त व कमी वीज खाणारा म्हणून तोच अनेक ठिकाणी प्रॉक्सी म्हणून ठेवलेला असतो.

१. ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा त्रुटी येणाऱ्या यंत्रावर आणि प्रॉक्सीवर चालवावी. तारीख, वेळ, कालक्षेत्र आणि वेळ जुळवली गेली आहे की नाही, हे चारही तपशील मोबाइलशी ताडून पाहावेत.

२. कालक्षेत्र ‘एशिया/कोलकाता’ नसेल तर ते आधी बदलावे आणि त्यानंतरच वेळ दुरुस्त करावी. कालक्षेत्र यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असताना आपल्या मनगटावरची वेळ हाताने भरली, तर घड्याळ साडेपाच तास पुढे जाते. नुसते कालक्षेत्र चुकल्याने स्वाक्षरी बिघडत नाही, कारण तपासणी यूटीसीमध्येच होते. बिघडते ते चुकीच्या कालक्षेत्रात हाताने भरलेल्या वेळेमुळे.

३. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल आणि त्या यंत्रावर विंडोजही असेल, तर दोन्ही प्रणाली मदरबोर्डचे घड्याळ वेगवेगळ्या रीतीने वाचत आहेत. एकीला दुसरीच्या रीतीवर आणल्याशिवाय हा फरक पुन्हा पुन्हा येत राहील.

४. वेळ आपोआप जुळत नसेल तर नेटवर्कवर यूडीपी पोर्ट १२३ बंद आहे का ते पाहावे. प्रॉक्सी फक्त वेबची वाहतूक पुढे नेतो, वेळेची नाही. ज्या प्रयोगशाळेत प्रॉक्सीशिवाय बाहेर जाताच येत नाही, तेथे प्रॉक्सी यंत्रावर क्रोनी बसवून तेच स्थानिक यंत्रांना वेळ पुरवील असे करावे.

तपासा. वेळ दुरुस्त करून अपडेट पुन्हा चालवावे. त्रुटी गेली असेल तर येथेच थांबावे आणि बॅटरी बदलावी. बॅटरी न बदलता केवळ वेळ भरून ठेवली, तर पुढच्या वीज खंडित होण्यापर्यंतच ती टिकते.

टप्पा ३ : प्रॉक्सी वगळून एकदा पाहा

या टप्प्यात दोष प्रॉक्सीच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच ठरवायचे आहे. त्यासाठी एका यंत्रावर फक्त ‘अपडेट’ चालवावे. ‘अपग्रेड’ चालवल्यास शेकडो एमबी डेटा विनाकारण खर्च होईल.

१. प्रॉक्सीचा पत्ता कुठे लिहिला आहे ते शोधावे. ‘ॲप्ट-कॉन्फिग डंप’ या आज्ञेच्या उत्तरात ‘प्रॉक्सी’ हा शब्द असलेल्या ओळी पाहाव्यात. बहुधा ती नोंद ‘/इटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी’ या फोल्डरमधल्या एखाद्या फाइलीत सापडते. ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ हे पर्यावरण-चल लावलेले आहे का, आणि प्रॉक्सी आपोआप शोधणारे ‘ऑटो-ॲप्ट-प्रॉक्सी’सारखे पॅकेज बसवलेले आहे का, हेही पाहावे. ही दुसरी दोन ठिकाणे राहून गेली, तर प्रॉक्सी वगळला असे वाटते आणि प्रत्यक्षात तो मध्ये असतोच.

२. ती फाइल तात्पुरती आपल्या होम फोल्डरमध्ये हलवावी आणि अपडेट चालवावे.

३. त्रुटी गेली, तर दोष प्रॉक्सीत आहे; चौथ्या टप्प्याकडे जावे.

४. त्रुटी तशीच राहिली, तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तीच चाचणी दुसऱ्या सिमकार्डावर घ्यावी. दुसऱ्या नेटवर्कवर त्रुटी गेली, तर पहिल्या नेटवर्कवर वाटेत कुणीतरी जुनी किंवा बदललेली फाइल देत आहे. दोन्हीकडे तीच त्रुटी आली, तर सहाव्या व सातव्या टप्प्याकडे जावे.

इशारा. चाचणी संपताच ती फाइल परत जागेवर ठेवावी. ती विसरली तर ते यंत्र पुढे कायम थेट इंटरनेटवरून पॅकेजेस घेत राहते, आणि डेटा इतक्या लवकर का संपतो याचा शोध महिनाअखेरीस सुरू होतो.

टप्पा ४ : प्रॉक्सीने दिलेली फाइल डोळ्यांनी पाहा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, आणि माझ्या मते नेमका निर्णय याच टप्प्यात होतो. ‘कर्ल’ या साधनाला ‘-एक्स’ पर्यायाने प्रॉक्सीचा पत्ता द्यावा, त्रुटीसंदेशात दिसलेला इनरिलीजचा पूर्ण पत्ता पुढे लिहावा आणि उत्तर ‘-ओ’ पर्यायाने एका फाइलीत साठवावे. मग ती फाइल ‘लेस’मध्ये उघडून तीन जागा पाहाव्यात.

पहिली ओळ. ती पाच आडव्या रेघांनी सुरू होऊन ‘बिगिन पीजीपी साइन्ड मेसेज’ अशी असली पाहिजे. तिच्या जागी टोकदार कंसातला ‘एचटीएमएल’ हा शब्द दिसला, तर ते वेबपान आहे. थोडे खाली गेल्यावर रिचार्ज करा, लॉगिन करा किंवा सेवा उपलब्ध नाही अशा अर्थाचा मजकूर सापडतो. फाइलीच्या आकारावरूनही हे कळते : डेबियन १२ च्या मुख्य भांडाराची इनरिलीज सुमारे १५० केबीची असते, तर असले पान बहुधा त्याच्या एका लहानशा अंशाएवढे असते.

‘डेट’ची ओळ. सुरुवातीच्या काही ओळींतच ती सापडते आणि तिच्यातली वेळ यूटीसीमध्ये असते. तीच फाइल प्रॉक्सी वगळून उतरवली आणि तिच्यातली तारीख नंतरची निघाली, तर प्रॉक्सी शिळी प्रत देत आहे. ‘व्हॅलिड-अन्टिल’ अशी ओळ असेल तर तीही पाहावी. डेबियनच्या सुरक्षा भांडारात ही मुदत ७ दिवसांची असते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीएवढा काळ शिळी राहिलेली प्रतसुद्धा तेथे नाकारली जाते.

शेवटची ओळ. ती ‘एंड पीजीपी सिग्नेचर’ अशी असली पाहिजे. फाइल मध्येच, एखाद्या हॅशच्या अर्ध्यावर तुटलेली असेल, तर ती उतरत असताना वीज गेली होती, नेटवर्क तुटले होते किंवा प्रॉक्सीची डिस्क भरली होती.

तपासा. तीनही जागा ठीक असतील तर ‘जीपीजीव्ही’ला ‘/यूएसआर/शेअर/कीरिंग्ज’मधली आपल्या वितरणाची किल्लीफाइल देऊन हीच इनरिलीज पडताळावी. डेबियन १३ मध्ये ॲप्ट या कामासाठी ‘एसक्यूव्ही’ वापरते, तेथे ते वापरावे. स्वाक्षरी योग्य निघाली तर इनरिलीज निर्दोष आहे आणि दोष सूचींत किंवा यंत्रावरच्या जुन्या प्रतींत आहे.

टप्पा ५ : कॅशमधली दोषी फाइल काढणे

अख्खा कॅश फोल्डर पुसणे हा सोपा मार्ग वाटतो, आणि शहरात जलद जोडणीवर त्याने काही बिघडतही नाही. आपल्याकडे मात्र त्या फोल्डरमध्ये महिनाभर थोडा थोडा डेटा खर्चून जमवलेली पॅकेजेस असतात. दोष काही केबींच्या फाइलीत असताना ती सारी पुन्हा उतरवायला लावणे म्हणजे प्रॉक्सी बसवण्याचा हेतूच मोडून टाकणे होय. काढायच्या आहेत त्या फक्त भांडाराच्या इनरिलीज आणि सूची या फाइली. डेब फाइलींना हात लावू नये.

ॲप्ट-कॅशर-एनजी असेल तर पुढील क्रम पाळावा.

१. प्रॉक्सीवर ‘डीएफ -एच’ चालवून डिस्कवर जागा आहे का ते पाहावे. डिस्क भरलेली असताना केलेली कोणतीही दुरुस्ती टिकत नाही, कारण नव्याने उतरलेली फाइलही अर्धवटच साठते.

२. ‘/इटीसी/ॲप्ट-कॅशर-एनजी/एसीएनजी.कॉन्फ’ या फाइलीत ‘ऑफलाइनमोड’ १ वर राहिला आहे का ते पाहावे. नेट नसलेल्या दिवसांत कुणीतरी तो चालू केलेला असतो आणि नंतर तो तसाच राहतो. तो चालू असेपर्यंत प्रॉक्सी बाहेरून काहीच आणत नाही.

३. ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप ॲप्ट-कॅशर-एनजी’ या आज्ञेने सेवा थांबवावी. सेवा चालू असताना फाइली काढल्या तर उघड्या असलेल्या फाइलींचा घोळ होऊ शकतो.

४. ‘/व्हार/कॅश/ॲप्ट-कॅशर-एनजी’ या फोल्डरमध्ये ‘फाइंड’ वापरून त्रुटी असलेल्या शाखेची ‘इनरिलीज’, तसेच तोच मजकूर आणि स्वाक्षरी वेगवेगळ्या ठेवणाऱ्या ‘रिलीज’ आणि ‘रिलीज.जीपीजी’ या फाइली शोधाव्यात. डेबियनच्या फाइली सहसा ‘डेबरेप’ आणि उबंटूच्या ‘उबरेप’ या फोल्डरांत असतात. फाइलीशेजारी त्याच नावाची, शेवटी ‘.हेड’ असलेली फाइल दिसली तर तीही काढावी. त्या फाइलीत मूळ सर्व्हरने दिलेली तारीख आणि आकार नोंदलेला असतो, त्यामुळे मजकूर काढून ती नोंद तशीच ठेवू नये. त्याच शाखेतल्या ‘पॅकेजेस’च्या सूचीही काढाव्यात.

५. शून्य बाइटच्या फाइली वेगळ्या शोधून काढाव्यात. अचानक वीज गेल्यानंतर अशा फाइली राहिलेल्या आढळतात.

६. सेवा पुन्हा सुरू करावी आणि चौथ्या टप्प्यातली कर्लची चाचणी पुन्हा घ्यावी. ‘डेट’ची ओळ आता थेट उतरवलेल्या प्रतीशी जुळली पाहिजे.

डेब फाइलींपैकी एखादी बिघडल्याची शंका असेल, तर ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता व पोर्ट लिहून पुढे ‘एसीएनजी-रिपोर्ट.एचटीएमएल’ हे पान उघडावे. तेथे मुदतबाह्य फाइली शोधण्याच्या भागात मजकुराचा चेकसम तपासण्याचा पर्याय आहे. तो निवडून तपासणी सुरू करावी. जुन्या यंत्रावर तिला बराच वेळ लागतो, म्हणून ती प्रयोगशाळेच्या वेळेनंतर, पण वीज टिकेल अशा वेळी करावी.

सर्व यंत्रांच्या स्रोतफाइली एकसारख्या आहेत का, हेही येथेच पाहून घ्यावे. ॲप्ट-कॅशर-एनजी एकाच वितरणाचे वेगवेगळे मिरर (त्याच भांडाराच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) एकच भांडार समजून साठवतो. काही यंत्रांवर उबंटूचा भारतासाठीचा पत्ता आणि काहींवर मुख्य पत्ता असेल, आणि त्या दोघांत काही तासांचे अंतर पडले असेल, तर इनरिलीज एकीकडची आणि सूची दुसरीकडची अशी मिसळ होऊ शकते. ‘मिरर सिंक इन प्रोग्रेस’ असा प्रश्न असलेला संदेश अधूनमधून येऊन आपोआप जात असेल, तर पहिला संशय याच गोष्टीवर घ्यावा.

स्क्विड असेल तर बहुतेक वेळा दोष कोणती फाइल किती काळ ताजी मानावी हे ठरवणाऱ्या ‘रिफ्रेश_पॅटर्न’च्या ओळींत असतो. डेटा वाचावा म्हणून इंटरनेटवरून उचललेल्या संरचनांत सर्वच फाइली महिनाभर ताज्या मानाव्यात आणि सर्व्हरने दिलेली मुदत दुर्लक्षावी, अशा ओळी असतात. डेब फाइलींपुरत्या त्या ठीक आहेत; इनरिलीज आणि पॅकेजेस यांना त्या लागू झाल्या की त्रुटी ठरलेलीच. त्या नावांसाठी वेगळा ‘एसीएल’ (नियम लावण्यासाठीचा गट) करून ‘कॅश डिनाय’ लिहावे, म्हणजे त्या फाइली दर वेळी मूळ ठिकाणाहूनच येतील. ‘बाय-हॅश’ फोल्डरमधल्या सूचींना हा नियम लावण्याची गरज नाही, कारण तेथे फाइलीचे नाव हाच तिचा हॅश असतो आणि त्या नावाखालचा मजकूर कधीच बदलत नाही. संरचना बदलल्यावर ‘स्क्विड -के पार्स’ने ती तपासून मगच सेवा पुन्हा सुरू करावी.

तिसऱ्या टप्प्यात वाटेतले नेटवर्क दोषी ठरले असेल, तर ॲप्ट-कॅशर-एनजीच्या ‘बॅकएंड्स_डेबियन’ या फाइलीत मिररचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होणारा लिहावा. मग स्थानिक यंत्रे प्रॉक्सीशी पूर्वीसारखीच बोलतात आणि प्रॉक्सी ते मिरर हा प्रवास कूटबद्ध होतो. वाटेतल्या कुणालाही मग जुनी प्रत पुढे करता येत नाही.

टप्पा ६ : यंत्रावरच्या जुन्या सूची

प्रॉक्सी दुरुस्त झाल्यावरही एखाद्या यंत्रावर त्रुटी राहते, कारण त्याच्याकडे आधीच्या बिघडलेल्या किंवा अर्धवट प्रती असतात. ‘/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स’ या फोल्डरमधला मजकूर काढावा आणि ‘सुडो ॲप्ट अपडेट’ चालवावे. डेब फाइलीचा हॅश जुळत नसेल तर ‘सुडो ॲप्ट क्लीन’ही चालवावे. सूची पुन्हा प्रॉक्सीवरूनच येणार असल्याने पहिल्या यंत्रानंतर बाहेरचा डेटा फारसा लागत नाही.

इशारा. ‘आरएम’ आज्ञेत फोल्डरचा पत्ता आणि शेवटची तारांकन-खूण यांच्यात चुकूनही रिकामी जागा सोडू नये. तशी जागा पडली तर ज्या फोल्डरमध्ये तुम्ही उभे आहात तिथला सारा मजकूरही जातो. आज्ञा टंकून झाल्यावर एंटर दाबण्यापूर्वी ती एकदा मोठ्याने वाचावी.

हा टप्पा पाचव्याच्या आधी करण्यात अर्थ नाही. प्रॉक्सी शिळीच फाइल देत असेल, तर रिकामी केलेली सूची पुन्हा तशाच फाइलीने भरते. शिवाय मागची चांगली सूचीही हातची जाते आणि नवी पॅकेजेस बसवणेच बंद पडते.

टप्पा ७ : किल्ली

घड्याळ, प्रॉक्सी आणि सूची हे तिन्ही निर्दोष ठरल्यावरच येथे यावे. ‘नो पबकी’ची खरी कारणे मोजकी आहेत. यंत्र फार दिवस अद्ययावत केलेले नसते आणि दरम्यान वितरणाने किल्ली बदललेली असते. बाहेरच्या एखाद्या भांडाराची किल्ली बसवलेलीच नसते. किंवा ती बसवलेली असूनही ॲप्टला वाचता येत नाही. किल्ली खरोखर बदलते याचे अलीकडचे उदाहरण काली लिनक्सचे आहे. त्यांना २०२५ मध्ये नवी स्वाक्षरी-किल्ली लागू करावी लागली आणि वापरकर्त्यांना ती हाताने बसवावी लागली.

१. मुख्य वितरणाची किल्ली हवी असेल तर ‘डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग’ किंवा ‘उबंटू-कीरिंग’ हे पॅकेज अशा यंत्रावर उतरवावे, जेथे स्वाक्षरी नीट पडताळली जात आहे, आणि पेन ड्राइव्हने आणून बसवावे.

२. बाहेरच्या भांडाराची किल्ली त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, एचटीटीपीएसने आणि प्रॉक्सी वगळून घ्यावी. उतरलेल्या फाइलीवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवून ती खरोखर किल्ली आहे की वेबपान आहे ते पाहावे.

३. ‘जीपीजी --शो-कीज’ने किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) पाहून तो प्रकल्पाने जाहीर केलेल्या ठशाशी पूर्ण ४० अक्षरे जुळवावा. शेवटची ८ अक्षरे जुळली म्हणून समाधान मानू नये. तेवढी अक्षरे जुळणारी खोटी किल्ली बनवता येते.

४. किल्ली ‘/इटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज’मध्ये ठेवावी, तिची परवानगी ६४४ करावी आणि भांडाराच्या नोंदीत ‘साइन्ड-बाय’ने तिचा पत्ता द्यावा. मजकूर स्वरूपातल्या किल्लीचे नाव ‘.एएससी’ने आणि द्विमान स्वरूपातल्या किल्लीचे ‘.जीपीजी’ने संपले पाहिजे. नाव आणि स्वरूप यांची अदलाबदल झाली तर किल्ली असूनही ती नसल्याचा संदेश येतो. परवानगी राहून गेली तरी तेच होते, कारण पडताळणीचे काम ‘_ॲप्ट’ हा मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता करतो.

५. जुन्या लेखांतली ‘ॲप्ट-की’ ही आज्ञा वापरू नये. डेबियन १३ मध्ये ती नाहीच, आणि जेथे आहे तेथे तिने बसवलेली किल्ली सर्वच भांडारांना लागू होते.

डेबियन १३ वर एसएचए-१ ही जुनी हॅश-पद्धत सुरक्षित नसल्याचा उल्लेख संदेशात दिसला, तर त्या बाहेरच्या भांडाराची किल्ली जुन्या पद्धतीने बांधलेली आहे. आपल्या यंत्रावर त्याला सुरक्षित उपाय नाही. प्रकल्पाने नवी किल्ली दिली आहे का ते पाहावे आणि तोवर ते भांडार बंद ठेवावे.

तपासणी बंद करू नये

‘ट्रस्टेड=यस’, ‘अलाऊ-अनऑथेंटिकेटेड’ आणि ‘अलाऊ-इनसिक्युअर-रिपॉझिटरीज’ हे तीन पर्याय त्रुटी घालवत नाहीत, फक्त ती दिसेनाशी करतात. बियाण्याची पिशवी सील फुटलेली मिळाली तर शेतकरी ती पेरत नाही, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. येथे तर एका प्रॉक्सीतून आलेली पिशवी प्रयोगशाळेतल्या सर्वच यंत्रांत पेरली जाते, आणि पॅकेज बसवताना त्याच्या स्क्रिप्ट प्रशासकाच्या अधिकाराने चालतात. एखाद्या यंत्रावर हे पर्याय पूर्वी कुणी लिहून ठेवले आहेत का, हे ‘/इटीसी/ॲप्ट’मध्ये ‘ग्रेप’ने शोधावे आणि सापडल्यास काढावेत. ‘चेक-व्हॅलिड-अन्टिल’ बंद करण्याला एकच रास्त जागा आहे : मुदत संपून ‘आर्काइव्ह.डेबियन.ऑर्ग’वर गेलेली जुनी आवृत्ती. तेथेही तो पर्याय त्या एका भांडाराच्या नोंदीपुरताच लिहावा.

त्रुटी पुन्हा येऊ नये म्हणून

प्रॉक्सी यंत्राला यूपीएस असावा आणि बॅटरी संपत आल्यावर यंत्र रीतसर बंद होईल अशी जोडणी असावी. यूपीएस एकच असेल तर तो प्रॉक्सीला द्यावा, शिक्षकांच्या टेबलावरच्या यंत्राला नाही. ॲप्ट-कॅशर-एनजीची रोजची साफसफाई ‘क्रॉन.डेली’मधून पहाटे चालते. संध्याकाळी मुख्य बटण बंद करणाऱ्या शाळेत ती कधीच चालत नाही आणि डिस्क हळूहळू भरत जाते. अशा ठिकाणी ‘ॲनाक्रॉन’ बसवावा, म्हणजे राहिलेले काम यंत्र चालू झाल्यावर पूर्ण होते.

सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडताना सगळी यंत्रे एकदम चालू करू नयेत. आधी केवळ राउटर आणि प्रॉक्सी चालू करून डेटा, घड्याळ व डिस्क पाहावी. मग कर्लने इनरिलीजची पहिली, ‘डेट’ची आणि शेवटची ओळ तपासावी. त्यानंतर एका यंत्रावर अपडेट चालवून ‘डब्ल्यू’ने सुरू होणारी एकही ओळ आली नाही याची खात्री झाली, की बाकीची यंत्रे चार-पाचच्या गटाने चालू करावीत आणि प्रत्येक यंत्राची तारीख अपडेटच्या आधीच पाहून घ्यावी.